अष्टशीलाची दुसरी सकाळ

१६ एप्रिल २०२५, बुधवार

सकाळी उपाशीपोटी आईची साखर ३८२. बोटाला काही लागलं असेल म्हणून तिला साबणाने हात धुवायला लावले आणि दुसरी पट्टी लावली. ३७९. इन्सुलिन सुरू होऊन महिने झाले, सावे डॉक्टर डोस वाढवत चाललेत, आणि आकडा जागचा हलत नाही.

मग विचारलंच.

"परवा जयंतीला विहारात लाडू वाटत होते. किती खाल्लेस?"

"एक पण नाही."

"संध्याताईंनी तुझ्या हातावर ठेवला होता. मी बघितलं."

"ठेवला होता. मी शेजारच्या सान्वीला दिला. जा, विचार तिला."

मी विचारलं नाही. लहान मुलगी आहे, लाडू कुणी दिला ते तिला काय आठवणार?

भाईंदरला महापालिकेजवळच्या एका दुकानात मी मराठी अर्ज आणि लग्नपत्रिका टाइप करतो. बारावी सुटली नाही, पण टायपिंगमध्ये माझी चूक सहसा निघत नाही. कागदात कुठेतरी चूक आहे असं वाटलं तर ती सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. आईच्या बाबतीतही तसंच झालंय. इंजेक्शन मी देतो, स्वयंपाक माझ्यासमोर होतो. शाळेच्या सफाईकामावर ती हल्ली जात नाही, दिवसभर घरी एकटी असते. म्हणजे चूक मी दुकानात असताना होत असणार.

आईची मान काळी पडलीय. अलीकडे डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेलाही काळपट दिसतं. डाळीचं पीठ आणून दिलंय. रोज लावते म्हणते. तेही खरं की नाही कोण जाणे.

२१ एप्रिल, सोमवार

सावे डॉक्टरांकडे गेलो. मला बघून हसले. "काय रे भूषण, इंजेक्शन आईलाच देतोस ना? का गादीला?"

मी सुई कशी धरतो ते करून दाखवलं. बाटली फ्रिजच्या दारात ठेवतो, बर्फाजवळ नाही, हेही सांगितलं. नवी बाटली दुसऱ्या मेडिकलमधून आणून पाहिली तेही सांगितलं. ते म्हणाले, पद्धत बरोबर आहे. मग आईकडे वळले.

"वैजयंताबाई, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो, डॉक्टर, मी काहीच खात नाही. मग साखर काय हवेतून येते?"

"भात पण सोडलाय, डॉक्टर."

"भात सोडलात हो. बाकीचं?"

आईने पदर मानेवरून ओढून घेतला. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून भिंतीवरचं दात घासायचं चित्र बघत बसलो. वजन पुन्हा घटलं आहे. साखर एवढी असली की घटतंच, असं डॉक्टर म्हणाले. डोस वाढवून दोन्ही वेळचा मिळून दीडशे युनिट केला. मेडिकलवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "ये एक ही आदमी का है?"

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "तू तरी सांगायचं होतंस."

"काय सांगू?"



२७ एप्रिल, रविवार

घरातली साखर, गूळ, खजूर सगळं पिशवीत भरलं आणि शेजारी ममताबेनकडे नेऊन ठेवलं. त्या सान्वीच्या आजी, भावनगरच्या. पिशवी घेतली, पण कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भूषण, तेरी मम्मी का मुँह देखा है तूने? सूख के लकड़ी हो गई. चोरी का खा के कोई ऐसा सूखता है क्या?"

"आंटी, बस रखो ना."

"रखती हूँ. मेरा क्या जाता है? पर तू गधा है."

त्यांना या आजारातलं काही कळत नाही.

संध्याकाळी विहारात जाऊन संध्याताईंना भेटलो. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. बुद्धपौर्णिमेची खीर दर वर्षी आईच करते, म्हणून त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की यंदा खिरीचं काम आईला देऊ नका, तिला मोह आवरत नाही. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "बरं बाबा. मुलगा सांगतोय म्हटल्यावर आम्ही कोण?"

अवघड काम होतं, पण झालं.

४ मे, रविवार

आईला कळलं.

ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. विहारातून आली, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर बसली.

"माझ्या हातची खीर तू बंद केलीस?"

"तुझ्यासाठीच केलं."

"बाया माझ्याशी काय गोड बोलायला लागल्यात आज. वैजयंता, तू बस. वैजयंता, तू फक्त फुलं मांड. मी म्हटलं, मला काय महारोग झालाय का? तर कुणी बोलेना." मग म्हणाली, "रोज सकाळी मी मुसावादा वेरमणी म्हणते. खोटं बोलणार नाही म्हणून. ते काय नुसतं तोंड धुवायला म्हणते?"

मी म्हटलं, "मग साखर कुठून येते?"

"मला काय माहीत? मी काय डॉक्टर आहे?"

 पण साखर आहे, तर ती कुठून तरी येणारच. मी सोडून दिलं असतं, पण आकडा सोडत नाही.

११ मे, रविवार

उद्या बुद्धपौर्णिमा. आई अष्टशील घेणार, म्हणजे दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न नाही, फक्त पाणी. दर पौर्णिमेला करायची, पण इन्सुलिन सुरू झाल्यापासून मी करू दिलं नव्हतं. या वेळी हट्टालाच पेटली.

सावे डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "एक दिवस काही होत नाही. जेवणार नसेल तर संध्याकाळचं इंजेक्शन देऊ नको, एवढं लक्षात ठेव."

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. शील घेतल्यावर ती शील मोडणार नाही, एवढी खात्री मला आहे. म्हणजे उद्या ती खरोखर काही खाणार नाही. परवा सकाळी साखर उतरलेली दिसली तर सिद्ध होईल की रोज ती खात होती. मग मी शांतपणे तिला आकडा दाखवीन. भांडायचं नाही, नुसता आकडा दाखवायचा.

१२ मे, सोमवार

सकाळचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळचं दिलं नाही, बाटली फ्रिजमधून काढलीसुद्धा नाही. आई पांढऱ्या साडीत चटईवर बसली आहे. चेहरा शांत आहे. उद्या बघू.

१३ मे, मंगळवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. 

सकाळी आई उठली नाही. हाक मारली तर डोळे उघडले, पण मला "विठू" म्हणाली. विठू तिचा भाऊ, मी जन्मायच्या आधीच गेला. अंग घामाने थबथबलेलं, साडी पाठीला चिकटलेली. पट्टी लावली. ३९. मला वाटलं तीनशे नव्वदमधलं शून्य दिसत नाही. पुन्हा लावली. ४१.

घरात साखर नाही. मीच नेऊन ठेवलेली. ममताबेनचं दार बडवलं. त्या गाऊनवरच धावत आल्या, साखरेचं पाणी केलं आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याचमच्याने पाजलं. "पी ले, बेन, पी ले. थोड़ा और." आईने दोन-तीन घोट घेतले आणि ओळखीचं बघितलं. मग रिक्षाने इथे आणलं.

इथल्या डॉक्टरांनी विचारलं, "काल रात्री किती युनिट दिले?"

"दिलंच नाही. आई जेवणार नव्हती."

"सकाळचं इतका वेळ राहत नाही. दोनदा टोचलं का? घाबरू नका, घाईत होतं असं. खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

"रोज दीडशे युनिट देता. विसरून दिलं असेल."

मी बाटलीबद्दल सांगितलं, फ्रिजबद्दल सांगितलं. ते मान हलवत होते आणि लिहीत होते.  मी काही केलं नाही, हे कसं दाखवायचं तेच कळेना. जे झालंच नाही त्याचा पुरावा कुठून आणू?

तेवढ्यात कॉटवरून आई म्हणाली, "त्याने नाही दिलं. माझा मुलगा खोटं बोलत नाही."

तिचा आवाज अगदी बारीक होता. डॉक्टर म्हणाले, "बरं, मावशी." तरी कागदावर "चुकून जादा डोस" असंच लिहिलं.

आईने लगेच विश्वास ठेवला. मला बरं वाटायला हवं होतं. का कोण जाणे, वाटलं नाही.

१५ मे, गुरुवार

काल घरी सोडलं. आज साखर पुन्हा चारशेच्या वर.

सावे डॉक्टरांकडे गेलो. आज ते हसले नाहीत. मी सांगत होतो, ते टेबलावर पेन आपटत होते. शेवटी म्हणाले, "दीडशे युनिट देऊन जी उतरत नाही, ती न देता उतरते. मला हे कळत नाही, भूषण. तू दिलं नाहीस हे नक्की?"

"नक्की."

"मग मला कळत नाही," असं पुन्हा म्हणाले आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. उठताना आईला म्हणाले, "वैजयंताबाई, मी तुम्हाला जरा जास्तच बोललो का?"

आई म्हणाली, "जरा."

१६ मे, शुक्रवार

मुंबईच्या रुग्णालयात डॉ. मृणालिनी म्हणून आहेत. वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. काय खाता, असं त्यांनी विचारलंच नाही. आधी आईची मान बघितली, मग काखा, मग चेहरा उजेडाकडे वळवून बघितला. मी म्हटलं, "मी पीठ आणून दिलंय लावायला." त्या म्हणाल्या, "घासून जाणार नाही हे. आतून आलंय."

मग खुर्ची ओढून बसल्या. "काकू, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? काय होतंय?"

आई इतकं बोलेल असं वाटलं नव्हतं. बोटांची पेरं सकाळी आखडतात, म्हणून ती फुलांचा हार करताना सुई दातात धरते. केस मूठभर गळतात, ते ती कागदात गुंडाळून टाकते, मला दिसू नयेत म्हणून. पहाटे कधीकधी हात थरथरतात आणि भूक लागते, पण उठून काही खाल्लं तर भूषणला वाटेल चोरून खाल्लं, म्हणून पाणी पिऊन पडून राहते.

डॉ. मृणालिनी लिहीत होत्या. मीही ऐकत होतो. यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

भरती करून घेतलं.

२० मे, मंगळवार

इथे खाणं रुग्णालयाचं, इंजेक्शन नर्सच्या हातचं. मी फक्त बाकावर. तरी साखर उतरेना. डोस इतका वाढवला की नर्सने दुसऱ्या नर्सला बोलावून आकडा तपासून घेतला. मग एक दिवस इन्सुलिन पूर्ण बंद करून, नर्सला जवळ बसवून, आईला उपाशी ठेवलं. साखर हळूहळू उतरत गेली आणि पहाटे चाळिशीत आली. लगेच सलाईनमधून ग्लुकोज दिलं.

म्हणजे मी टोचलं नव्हतं. ते आता सगळ्यांना दिसलं.

डॉ. मृणालिनींनी मला बोलावून समजावलं. आईच्या रक्तात इन्सुलिन कमी नाही, भरमसाट आहे. "तुमच्याकडे भाईंदरला पाणी कसं येतं? व्हॉल्व्ह सोडायला माणूस येतो ना, लांब चावी घेऊन?"

"येतो."

"समजा मुख्य लाइनमध्ये पाणी भरपूर आहे, पण बिल्डिंगच्या व्हॉल्व्हवर कुणीतरी बसून राहिलंय, चावी लागूच देत नाही. वरून कितीही पाणी सोडा, घरात थेंब नाही. मला वाटतं, काकूंचं तसं आहे. पेशीवर इन्सुलिन बसायची जी जागा असते, तिच्यावर त्यांच्याच शरीरातली काही द्रव्यं येऊन बसलीत. शरीर आपल्याच व्हॉल्व्हला परका समजतंय."

"मग साखर उतरली कशी?"

"तीच द्रव्यं कधीकधी स्वतःच व्हॉल्व्ह फिरवतात. पोट रिकामं असलं की ते अंगावर येतं. फार थोड्या लोकांत होतं हे. तुमच्या डॉक्टरांनी बघितलं नसेल, मीही फक्त वाचलंय."

खात्री करायला एक तपासणी आहे, पण ती इथे होत नाही. रक्तातलं पिवळसर पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे ज्यांच्यावर अशा जागा आहेत त्या पेशींमध्ये ते मिसळतात आणि बघतात, की इन्सुलिनला चिकटायला जागा मिळते, का आधीच कुणी बसलंय.

मोबाइलवरच्या शब्दकोशात शोधलं. जागेला ग्राही म्हणतात आणि त्या द्रव्यांना प्रतिपिंड. स्वतःच्याच विरुद्ध असतील तर स्वप्रतिपिंड.

१ जून, रविवार

रिपोर्ट नाही. आई घरी आहे. पहाटे काहीतरी खायचंच, असा डॉक्टरांचा हुकूम आहे. ममताबेन पिशवी परत घेऊन आल्या, वर त्यांच्याकडची गुळाची सुखडीही ठेवली. "ये इमर्जन्सी का है. और तू गिनना मत."

माझ्या मनात एक वाईट गोष्ट येते. रिपोर्टमध्ये तो रोग निघावा असं वाटतं. कुठला मुलगा असं म्हणेल? म्हणून आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"का बरं?"

"नाही निघाला तर परत तेच, ना. काय चुकतंय ते कळणार नाही."

"म्हणजे नाही निघाला तर मी चोर?"

"तसं नाही."

"मग कसं?"

मी मेथी निवडायला बसलो. ती म्हणाली, "देठ टाकू नको एवढे."

१३ जून, शुक्रवार

रिपोर्ट आला. प्रतिपिंड आहेत, भरपूर आहेत. सांध्यांचं दुखणं आणि केस गळणं हाही त्याच घरातला आजार निघाला, शरीर स्वतःवर उलटण्याचा. आता स्टेरॉइड आणि शिरेतून दुसरं एक औषध, ती द्रव्यं तयार करणाऱ्या पेशी आवरायला. महिने लागतील. मधे साखर आणखी वाढू शकते, दुसरा कुठला संसर्ग होऊ शकतो. डॉ. मृणालिनींनी काही लपवलं नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी चोरून खात नव्हते, हे रक्तात आलं ना?"

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. "नाही, काकू. खाल्लं की नाही, ते या तपासणीत दिसत नाही."

आईचा चेहरा उतरला.

"ते तुम्ही सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. तुमचं खरं धरलं म्हणून तर हे शोधायला गेलो."

आईने पदराने डोळे पुसले आणि खाली उतरेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. मी फाइल छातीशी धरून मागे चालत होतो. एवढी जाड फाइल, आणि मला जे पाहिजे होतं ते तिच्यात नव्हतंच.

२२ जून, रविवार

रिपोर्टच्या प्रती काढल्या होत्या. एक सावे डॉक्टरांना, एक संध्याताईंना. खाली मराठीत चार ओळींचा अर्थही टाइप केला होता.

आई म्हणाली, "संध्याला कागद कशाला?"

"त्यांना कळायला नको? मीच सांगितलं होतं ना त्यांना."

"सांगितलंस तेव्हा कागद दाखवला होतास?"

कागद घरी ठेवून गेलो. वंदना संपल्यावर संध्याताईंना गाठलं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "ताई, आई काही खात नव्हती. मी चुकीचं सांगितलं."

वाटलं विचारतील, कशावरून? काय निघालं? मी उत्तर तयार ठेवलं होतं.

त्या म्हणाल्या, "बरं. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतोय, खीर तिलाच करायला सांगते. हात दुखत असतील तर ढवळायला तू ये." आणि चटया गोळा करायला लागल्या.

एवढंच. कागद कुणी मागितलाच नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

औषधाची दुसरी फेरी झाली. आईचा चेहरा सुजल्यासारखा गोल दिसतो. स्टेरॉइडने होतं. ममताबेन म्हणतात, "अब लगती है सेठानी." मधे ताप आला होता, चार दिवस रुग्णालयात. त्या चार दिवसांत इथे काही लिहिलं नाही.

इन्सुलिन आता निम्म्याहून कमी लागतं. कमी करताना माझा हात अडखळतो. वाढवताना कधी अडखळला नव्हता.

२८ सप्टेंबर, रविवार

मान उजळतेय. आई आरशात दोन्ही बाजूंनी बघत होती. मला बघून म्हणाली, "तुझं पीठ लागलं वाटतं."

हसायचं की नाही ते मला कळेना. ती हसली, मग मीही हसलो.

इन्सुलिन दहा युनिटवर आलं आहे. डॉ. मृणालिनी म्हणतात, पुढच्या महिन्यात बंद करून बघू. परत उलटू शकतं, म्हणून तपासत राहायचं. मी म्हटलं, रोज तपासतो. आई म्हणाली, "मला शिकव. माझं बोट आहे."

शिकवलं. पट्टी उलटी घालत होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तिसऱ्या वेळी बरोबर घातली.

१९ ऑक्टोबर, रविवार

इन्सुलिन बंद होऊन आठवडा झाला.

सकाळी उठलो तेव्हा आई ओट्यापाशी उभी राहून बोट पुसत होती. मशीन बंद करून बाजूला ठेवलं होतं. त्यात शेवटचा आकडा राहतो, बटण दाबलं की दिसतो.

"कशी आहे साखर?"

"बरी आहे. चहा घे."

मी चहा घेतला. ती शाळेच्या कामाला गेली, आजपासून पुन्हा. दिवाळीच्या सुट्टीत वर्ग धुवून घ्यायचेत म्हणून रविवारीही बोलावलंय. मशीन दिवसभर ओट्यावर होतं. मी घरीच होतो.

आजची साखर: बरी आहे.